पेशी कमी आणि गुडघा बदलायचाय : तारखेपासून उलटं मोजा

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती, आपल्या सोलापुरातूनच. आईला आयटीपी आहे, म्हणजे प्लेटलेट कमी राहण्याचा जुना आजार. वय ५८. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात, उजवा आधी बदलायचाय. प्लेटलेट ४२ हजार. ऑर्थोचे डॉक्टर म्हणाले, ‘आधी पेशी वाढवून आणा, मग बघू.’ जणू मंडईतून पिशवी भरून आणायच्यात! मुलाचे प्रश्न दोन. पपईच्या पानांचा रस सुरू करू का? आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्तपेढीतून प्लेटलेटच्या पिशव्या आणल्या तर भागेल का?

उत्तर आधीच सांगतो. रसावर विसंबू नका, आणि नुसत्या पिशव्यांनीही भागत नाही. योग्य औषध योग्य दिवशी सुरू झालं तर काम होतं. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. औषध कुठलं, किती, हे डॉक्टरच ठरवणार. पण तारखांचं गणित घरच्यांना कळलं पाहिजे, कारण फोन करणं, रिपोर्ट नेणं, दात्यांची जमवाजमव हे सगळं शेवटी आपल्याच अंगावर येतं.

आधी आजार समजून घेऊ. सोलापुरात पेशी कमी म्हटलं की लोकांना डेंग्यू आठवतो. पण डेंग्यूत ताप उतरला की काही दिवसांत पेशी आपोआप वर येतात. आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच आपल्या प्लेटलेटला शत्रू समजते. त्यांना अँटीबॉडी चिकटतात आणि मग मुख्यतः प्लीहा, म्हणजे पाणथरी, त्यांना गिळते. अस्थिमज्जेतलं उत्पादनही हवं तेवढं होत नाही. हे कळलं कसं, तो किस्सा भन्नाट आहे. १९५० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या अंगात चढवून घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट तळाला गेल्या आणि पूर्ववत यायला जवळपास आठवडा लागला. म्हणजे रुग्णाच्या रक्तातच प्लेटलेट मारणारं काहीतरी आहे, हे सिद्ध झालं. (असला प्रयोग आज कुठलीही एथिक्स कमिटी करू देणार नाही.)

यातच पिशव्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. दात्याच्या प्लेटलेट चढवल्या तरी त्या अँटीबॉडींना आपलं-परकं कळत नाही. एरवी एका एसडीपी पिशवीने, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटने, आकडा ३० ते ५० हजारांनी वर जातो. आयटीपीत ती वाढ थोडी असते आणि काही तासांत उतरूही शकते. गुडघ्याचं ऑपरेशन दीड-दोन तासांचं असलं तरी रक्तस्रावाची भीती पुढचे कितीतरी दिवस असते. शिवाय गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये मांडीला बऱ्याचदा टुर्निके म्हणजे घट्ट पट्टा बांधतात, त्यामुळे आत असताना रक्त फारसं दिसत नाही. पट्टा सुटल्यावर खरी परीक्षा. म्हणून पिशवी ही स्टेपनी. गाडीत हवीच, पण तिच्यावर पुण्याला निघू नका.

मग आकडा किती लागतो? निरोगी माणसाच्या दीड ते साडेचार लाख असतात, तेवढं गाठायची गरज नाही. मोठ्या ऑपरेशनसाठी ५० हजार ही साधारण खालची रेघ मानतात. सांधा बदलताना बरेच सर्जन ८० हजार ते १ लाख मागतात. दुसरी अट भूलतज्ज्ञाची. गुडघ्याला बहुतेकदा कमरेत सुई देऊन भूल देतात. मणक्याच्या पोकळीत रक्त साचलं तर मज्जातंतू दबून पाय लुळे पडू शकतात, त्यामुळे ७०-८० हजारांच्या खाली भूलतज्ज्ञ ती सुई टाळून पूर्ण भूल देण्याचा विचार करतात. म्हणजे ‘किती हव्यात’ हा प्रश्न सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना विचारा, आणि उत्तर फाईलवर लिहून घ्या. ‘जरा वाढू द्या’ हा आकडा नाही.

आणि हो, आकडा खरा आहे का तेही बघा. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं. काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि मशीन त्यांना कमी मोजतं. प्लेटलेट आकाराने मोठ्या असल्या तरी तेच. म्हणून पॅथॉलॉजिस्टने काचपट्टीवर स्मिअर बघितलेला हवा, आणि शंका असेल तर सायट्रेटच्या, निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये फेरतपासणी. अवघड केस असेल तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, रक्ताच्या अशा विकारांवरच काम करते.

आता मुख्य मुद्दा, उलटं मोजणं. आम्ही रिलीज डेटवरून मागे येत कामं लावतो, तसंच इथे. प्रत्येक औषधाला परिणाम दाखवायला वेगळा वेळ लागतो आणि परिणाम टिकतोही वेगळा. एल्ट्रॉम्बोपॅग ही गोळी अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट बनवायला लावते. तिला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून ती तीन आठवडे आधी सुरू करण्याचा विचार होतो. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन, एक-दोन ते चार दिवसांत आकडा वर नेतं, पण दोन-चार आठवड्यांत तो परत उतरतो. त्याचा डोस वजनावर असतो, किलोमागे एक ग्रॅमच्या हिशोबाने. ६० किलोच्या बाईला ६० ग्रॅम, बिल लाखाच्या घरात. स्टेरॉइड स्वस्त आणि बऱ्याच जणांत काही दिवसांत काम करतं, पण साखर वाढवतं, जखम भरायला उशीर करतं, जंतुसंसर्गाचा धोका वाढवतं. नव्या सांध्यात जंतुसंसर्ग हे ऑर्थोवाल्यांचं दुःस्वप्न.

कॅनडातल्या संशोधकांनी गोळी आणि आयव्हीआयजी यांची थेट तुलना केली होती, ऑपरेशन ठरलेल्या ७४ आयटीपी रुग्णांवर. २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. गोळी २१ दिवस आधी सुरू करून ऑपरेशननंतर आठवडाभर चालू ठेवली. ठरलेला आकडा गाठून तो टिकला, असं गोळी घेणाऱ्या ३८ पैकी ३० जणांत झालं, आयव्हीआयजीच्या ३६ पैकी २२ जणांत. म्हणजे वेळ हातात असेल तर गोळीचा पर्याय तोडीस तोड आहे. वेळ नसेल तर आयव्हीआयजी. उशिरा धावपळ केली की महागाचाच पर्याय उरतो, हे मला या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

एल्ट्रॉम्बोपॅगची एक गोष्ट मात्र घरोघरी चुकते. कॅल्शियम आणि लोह तिला पोटातच पकडून ठेवतात, ती रक्तात उतरतच नाही. आणि गुडघेदुखीच्या प्रत्येक आईच्या डब्यात कॅल्शियमची गोळी असतेच! वर सकाळी दुधाचा चहा, दुपारी कडक भाकरीवर शेंगाचटणी आणि दही. नियम असा : दूध, दही, कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तासांनंतर ही गोळी. मोबाईलवर अलार्म लावा. ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढवण्याआधी डबा तपासा. ती चालू असताना यकृताच्या तपासण्याही लागतात.

वेदनाशामकांचं काय? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटचं काम बिघडवतात. आकडा तोच राहतो, पण पेशी नीट चिकटत नाहीत. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम आठवडा-दहा दिवस राहतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉलपासून सुरुवात करतात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, विचारा. त्याहून वाईट म्हणजे ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणारी बिननावाची पुडी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय. त्याने पेशी वाढलेल्या दिसतात, पुडी बंद केली की धाडकन खाली. आणि दीर्घकाळ स्टेरॉइड पोटात गेलेल्या माणसाला ऑपरेशनच्या ताणात शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड कमी पडू शकतं. भूलतज्ज्ञाला पुडीसकट सगळं सांगा. लाजण्यासारखं काही नाही त्यात. पपईच्या रसाचा बोलबाला डेंग्यूमुळे झाला. आयटीपीतली अँटीबॉडी थांबवतो असा पुरावा नाही.

तुम्ही पंचविशी-तिशीत असाल आणि हे सगळं आईवडिलांचं वाटत असेल, तर एक सांगतो. आयटीपीसाठी स्टेरॉइड घेतलेल्या तरुणांत खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजू शकतं. एव्हीएन म्हणतात त्याला. जांघेत दुखतंय आणि स्टेरॉइड घेतलेलं आहे, तर एमआरआयबद्दल विचारा. लवकर सापडलं तर सांधा वाचवायचा प्रयत्न करता येतो.

आता आपल्या गावचं बोलू. हिमॅटॉलॉजिस्टसाठी अनेकांना पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. हुतात्मा एक्स्प्रेसने एकदा जाऊन या, पुढचं व्हिडिओवर होऊ शकतं का ते विचारा, पण त्यांचं पत्र इथल्या सर्जनच्या आणि भूलतज्ज्ञाच्या हातात पडलं पाहिजे. दोन डॉक्टर तुमच्यामार्फत निरोप पाठवत राहिले की गोंधळ ठरलेला. एकदा दोघांना फोनवर जोडून द्या. ऑपरेशन शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे पुढचे चार दिवस लॅब आणि रक्तपेढीत पूर्ण माणसं असतील. प्लेटलेट खोलीच्या तापमानाला सतत हलवत ठेवतात आणि त्या पाचच दिवस टिकतात, म्हणून साठवून ठेवता येत नाहीत. एसडीपीचे दोन-तीन दाते आधीच तपासून ठेवा. पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. तुमचं ऑपरेशन आणि महागडं इंजेक्शन त्यात बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा, पूर्वपरवानगी लागते.

हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही महिनाभर आधी सुधारायला घ्या. किडका दात काढायचा असेल तर त्यालाही पेशी लागतात, तो याच नियोजनात बसवा. ऑपरेशनच्या वेळी ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड देणार का, हे विचारायला हरकत नाही. गुठळी लवकर विरघळू न देणारं हे औषध स्वस्त आहे आणि सांधेबदलात रक्तस्राव कमी करतं.

ऑपरेशननंतरचा पेच उलटा आहे. सांधा बदलल्यावर पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून सगळ्यांनाच रक्त पातळ करणारं औषध देतात. पेशी कमी म्हणजे गुठळी होणारच नाही, असं नसतं. आयटीपीतही ती होते, आणि पेशी वाढवणाऱ्या गोळ्यांनी तो धोका थोडा वाढतो. हे औषध द्यायचं का, कुठल्या आकड्याच्या वर, किती दिवस, हे हिमॅटॉलॉजिस्टकडून आधीच लिहून घ्या. पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर लगेच दवाखाना. ड्रेसिंग पुन्हा पुन्हा भिजतंय, गुडघा एकदम टम्म फुगलाय, काळी शौच झाली, किंवा डोकं प्रचंड दुखतंय, तरीही लगेच.

घरी आल्यावर सगळे निवांत होतात. पण आयव्हीआयजीचा असर उतरायला लागतो तो नेमका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, फिजिओथेरपीत गुडघा वाकवायला जोर लावतात तेव्हा. टाके काढायला जाल त्याच दिवशी सीबीसी करून घ्या आणि रिपोर्ट हिमॅटॉलॉजिस्टला पाठवा.