कातर आणि कंगवा

औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील एक गाव आहे. १९४८ सालापर्यंत ते एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी त्याच संस्थानात होती. हा सारा भाग कमी पावसाचा आहे. येथील माळरानावर मेंढ्यांचे कळप चरताना दिसतात.

वर्षातून साधारणपणे दोनदा या मेंढ्यांची लोकर कातरली जाते. मेंढपाळ मेंढीला आडवी पाडतो, तिचे पाय धरतो आणि मोठ्या कातरीने लोकर उतरवू लागतो. थोड्याच वेळात मेंढी हलकी होऊन कळपात पळते. या काळ्या, जाड्याभरड्या लोकरीची घोंगडी विणतात.

आता समजा, अशाच एखाद्या गावात कोणाच्या घरी झुपकेदार केसांचे पामेरियन जातीचे कुत्रे आहे. उन्हाळा आला. कुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकू लागले. घरातील माणसांना वाटते, "मेंढीसारखे यालाही भादरून टाकू. बिचाऱ्याला गार वाटेल." हेतू चांगला असतो, पण उपाय चुकीचा असतो. असे का, ते आपण पाहू.

रानमेंढीची लोकर दरवर्षी आपोआप गळते. माणसाने मात्र हजारो वर्षे निवड करून, लोकर न गळणाऱ्या मेंढ्या पाळल्या. त्यामुळे मेंढीची लोकर वाढतच राहते. ती कातरली नाही, तर मेंढीला तिचा भार होतो.

पामेरियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब व राठ असतात. त्यांच्याखाली दाट, मऊ लव असते. ही लव थंडीत ऊब देते आणि उन्हाची झळही थेट कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. ठरावीक काळाने जुनी लव गळते आणि नवी येते. सगळे केस मुळापासून काढले, तर कातडी उन्हाने भाजू शकते. कधी कधी केस पुन्हा नीट येतही नाहीत. शिवाय आपल्याला सर्वांगाला घाम येतो, तसा कुत्र्याला येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते. म्हणून उन्हाळ्यात त्याला सावली आणि पिण्यास भरपूर पाणी द्यावे.

मग या कुत्र्याला काय हवे? त्याला कातरीपेक्षा कंगवा हवा. गळलेली लव आत अडकली, की तिच्या जटा होतात. जटेमुळे कातडी ओढली जाते आणि तिला हवा लागत नाही. तेथे ओल राहून जखमाही होतात. जटा विशेषतः कानांच्या मागे, काखेत आणि शेपटीखाली होतात.

आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी केस विंचरावेत. एका हाताने केस वर उचलून धरावेत आणि खालून एकेक ओळ सोडत विंचरावे. नुसते वरवर विंचरले, तर आतला गुंता तसाच राहतो. गुंता सापडला, तर तो आधी बोटांनी सोडवावा. तो सुटलाच नाही, तर कातडी आणि जट यांच्यामध्ये कंगवा घालावा व कंगव्याच्या वरचा भाग कापावा. म्हणजे कात्री कातडीला लागत नाही. हे काम मोठ्या माणसाने करावे.

आंघोळ नेहमी विंचरल्यानंतर घालावी. जट भिजली, की ती अधिकच घट्ट होते. पाणी कोमट असावे. आपला साबण कुत्र्याच्या कातडीला मानवत नाही. म्हणून कुत्र्यांसाठी मिळणारा साबण वापरावा. तो पुरता धुऊन काढावा आणि केस अगदी मुळापर्यंत कोरडे करावेत.

कात्री मुळीच वापरू नये, असे मात्र नाही. डोळ्यांवर येणारे केस, पंजाच्या गाद्यांमधील केस आणि शेपटीखालचे केस थोडे कापावेत. त्यासाठी बोथट टोकाची कात्री घ्यावी. ल्हासा अप्सोसारख्या काही जातींचे केस वाढतच राहतात. त्यांचे केस अधूनमधून आखूड केले तरी चालते. पण तेही कातडीपर्यंत कापू नयेत.

विंचरताना कातडीकडे लक्ष ठेवावे. गोचीड दिसली, तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढावी. त्यावर रॉकेल ओतू नये. जखम किंवा पुरळ दिसले, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

कुत्रे गुरगुरले किंवा अंग आखडू लागले, की लगेच थांबावे. ते शांत झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी उरलेले काम करावे. चुकून कुत्रे चावले किंवा त्याचे नख लागून रक्त आले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मग उशीर न करता दवाखान्यात जावे. ही गोष्ट भीतीने घरी लपवून ठेवू नये. पिसाळ रोग झाला, की त्यातून माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण वेळेवर लस घेतली, तर तो टाळता येतो.

मुलांनो, मुकी जनावरे आपल्याला काय हवे, ते बोलून सांगत नाहीत. अनुभवी मेंढपाळ मेंढीच्या अंगावर हात फिरवून तिची गरज ओळखतो. आपणही तसेच शिकले पाहिजे. आपल्याला उकडते, म्हणून कुत्र्याला भादरणे ही माया खरी. पण ती अपुरी आहे. ज्याची निगा राखायची, त्याचे शरीर आधी समजून घ्यावे. कातर हवी की कंगवा, ते मग आपोआप कळते.