आईची मधली सुटी

फाल्गुन सरत आला कीं हिंगोलीच्या बाजारांत हळदीचे ढीग पडूं लागतात, आणि त्याच सुमारास घरोघरीं परीक्षेचें वेळापत्रक भिंतीवर चिकटतें. हळदीच्या भावाची बातमी वर्तमानपत्रांत येते; परीक्षेची चिंता शाळा, वडील, आजोबा सारेच करितात. परंतु हीं दोन्ही ओझीं ज्या एका माणसाच्या अंगावर एकाच वेळीं पडतात, त्या घरच्या माउलीची विचारपूस क्वचितच होते. आम्ही जन्मभर शाळामास्तरकी केली. मॅट्रिकपुढें शिक्षण झालें नाहीं. थोडेंबहुत संस्कृत वडिलांपाशीं झालें, आणि त्या शिदोरीवर चौतीस वर्षें मुलांना शिकविलें. तेव्हां परीक्षा म्हणजे काय, तें आपणांस पुरें ठाऊक आहे, असा आमचा समज होता. तो कसा खोटा ठरला, तें सांगण्यासाठीं हा लेख.

परजिल्ह्यांतील वाचकांसाठीं थोडा खुलासा करितों. आमचें घर वसमतजवळच्या एका गांवीं आहे, आणि वसमत म्हणजे हळद. येथील हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. उन्हाळ्याच्या तोंडीं पाला वाळला कीं कंद खणून काढावयाचे. माती झाडून जेठे गड्डे निराळे व हळकुंडें निराळीं करावयाचीं. तीं कढईंत किंवा वाफेवर शिजवावयाचीं. पुढें दहापंधरा दिवस कडक उन्हांत वाळवून, ढोलांत घोळून झिलई द्यावयाची. काढलेली हळद शिजविल्यावांचून फार दिवस ठेवतां येत नाहीं, आणि शिजविलेली हळद उघड्यावर टाकून कोणास परगांवीं जातां येत नाहीं. आमची शेती धाकटे चिरंजीव पाहतात; पण शेतावरच्या माणसांचा चहा, भाकरी आणि हजेरीचा हिशेब हीं सर्व घरांतूनच जातात.

आतां इ. स. २०२५ चें पंचांग व शाळेचें वेळापत्रक शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च. गुढीपाडवा ३० मार्चला. पहिली ते नववीच्या परीक्षा शिक्षण खात्यानें ८ ते २५ एप्रिल या काळांत ठरविलेल्या. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला. आमच्या घरीं थोरली नात दहावींत, नातू सहावींत, आणि धाकटी नात दुसरींत. म्हणजे २१ फेब्रुवारीपासून २५ एप्रिलपर्यंत, मोजून ६४ दिवस, घरांत कोणाची ना कोणाची परीक्षा चालू होती किंवा तोंडावर आलेली होती. त्यांतच होळी, पाडवा, रामनवमी, चैत्रगौरीचें हळदीकुंकू, कुरडया-पापडांचें वाळवण, आणि शेतांत हळद.

९ एप्रिलची गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते. पाणी पिण्यास म्हणून आम्ही स्वयंपाकघरांत गेलों, तों थोरल्या सूनबाई भिंतीला टेकून पानावर बसलेल्या. घास हातांत तसाच, आणि डोळा लागलेला. शेजारीं नातवाची गणिताची वही उघडी होती. आमच्या पावलांची चाहूल लागतांच त्या दचकून उठल्या, पदर सांवरला आणि म्हणाल्या, "मामंजी, चहा हवा कां? आत्तां ठेवतें."

"आधीं जेवण पुरें करा, सूनबाई," एवढेंच आम्हांस सुचलें. त्यांनीं कांहीं अपराध घडल्यासारखी मान खालीं घातली. ती खालीं गेलेली मान दिवसभर आमच्या डोळ्यांपुढून हलली नाहीं.

हजेरीपट भरण्याची आमची जुनी संवय. दुसऱ्या दिवशीं ओसरीवर बसून आम्हीं सूनबाईंच्या दिवसाचें टिपण केलें. पहांटे साडेचारला उठणें. पाणी, देवपूजेची तयारी, मुलांचे डबे. साडेसहाला नातवास उठवून त्याच्या उजळणीचे प्रश्न विचारणें. शाळेच्या मोबाइलवरील सूचना वाचणें. त्या दिवशीं रंगीत कागद हवा होता, तो आदल्या रात्रीं कोणाच्याच ध्यानांत आला नव्हता. मग शेतावरच्या अकरा माणसांचा चहा व भाकरी. सकाळची शाळा सुटून मुलें परतलीं कीं त्यांचें जेवण, आणि पेपर कसा गेला याची कहाणी ऐकणें. दुपारीं गच्चीवरचें वाळवण. संध्याकाळीं पाहुणे. रात्रीं दोघां मुलांचा अभ्यास. दिवा मालविला तेव्हां अकरा वाजले होते. जेवतांना त्या पानावरून तीन वेळां उठल्या. शाळेंत दर दोन-तीन तासांमागें घंटा होते व मुलें पाणी पिण्यास सुटतात. या टिपणांत घंटा कोठेंच नव्हती.

तें टिपण आम्हीं आमच्या सौभाग्यवतींस वाचून दाखविलें. त्या तांदूळ निवडीत होत्या. म्हणाल्या, "यांत नवल तें काय? आम्हीं नाहीं कां केलें?" थोडा वेळ गेला, आणि मान वर न करितां त्या हलकेच म्हणाल्या, "आम्हांला कधीं कोणीं विचारलें नाहीं, म्हणून आम्हींहि सांगितलें नाहीं."

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्या वर्षांत त्या हें सारें करीत होत्या, त्याच वर्षांत आम्ही पालकसभेंत उभे राहून दुसऱ्यांच्या घरच्या बायकांस "मुलांकडे लक्ष द्या" म्हणून बजावीत होतों.

तथापि सौभाग्यवतींच्या पहिल्या म्हणण्याचाहि विचार केला पाहिजे. पूर्वींच्या बायकांनीं कष्ट केले, हें खरें. पण काम तेंच नव्हतें. आमच्या वडिलांचें शिक्षण निजामी अमदानींत झालें. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत वरच्या इयत्तांचें शिक्षण उर्दूंतून होत असे. त्यामुळें आमच्या आजीस मुलाचा धडा ऐकूनहि कळत नसे. मुलगा वेळेवर जेवला आणि शाळेंत गेला, कीं तिचें कर्तव्य संपे. आजची आई शिकलेली आहे. ती शिकली, हें फार चांगलें झालें. परंतु घरानें काय केलें? तिच्या जुन्या कामांतील एकहि कमी न करितां मास्तरांचें काम वर ठेवून दिलें. शिक्षणाचें बक्षीस म्हणून तिला दुसरी नोकरी मिळाली, तीहि बिनपगारी.

मग आम्हीं त्या टिपणावरून कामांचे तीन वर्ग पाडले. पहिला वर्ग ज्यांस हात लावतां येत नाहीं अशा कामांचा: परीक्षेचा दिवस, हळदीची शिजवणी, रोजचें जेवण. दुसरा वर्ग पुढें ढकलतां येण्याजोग्या कामांचा. तिसरा, दुसऱ्याच्या हातीं देतां येण्याजोग्या कामांचा. नवल हें कीं, पहिल्या वर्गांत फारच थोडीं कामें उरलीं.

दुसऱ्या वर्गाच्या कामीं पंचांगच साहाय्यास आलें. चैत्रगौरीचें हळदीकुंकू अमुक एका दिवशींच झालें पाहिजे, असें शास्त्र सांगत नाहीं; चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अवघा महिना त्यास मोकळा आहे. पूर्वजांनीं एवढी सवड ठेविली असतां ती आपण कां नाकारावी? आमच्या घरचें हळदीकुंकू २७ एप्रिलच्या रविवारीं झालें. परीक्षा दोन दिवसांपूर्वींच आटोपल्या होत्या. कैरीची डाळ वाटण्यास व पन्हें ढवळण्यास नाती मोकळ्या होत्या, आणि पाहुण्या आलेल्या बायकांतील निम्म्याजणी म्हणाल्या, "बरें झालें, आम्हांलाहि आजच सवड झाली." तीच गोष्ट वाळवणाची. गहूं भिजत घालण्याची घाई एप्रिलांतच कशासाठीं? मृग लागेपर्यंत अख्खा मे महिना उन्हाचा आहे, आणि चीक खाण्यास सुटींतलीं पोरें तयारच असतात.

तिसऱ्या वर्गाच्या वांटणीची सुरवात आम्हीं आमच्यापासून केली. नातवाचें मराठी व संस्कृत श्लोकांचें पाठांतर आमच्याकडे आलें. गणित त्याच्या वडिलांकडे. पहिले दोन दिवस त्या खोलींतून आरडाओरडच ऐकूं आली, तिसऱ्या दिवशीं बापलेक दोघेहि शांत झाले. दहावीची नात मोकळीच होती. शाळेच्या सूचना वाचून त्या दिनदर्शिकेवर लिहिण्याचें काम तिनें घेतलें. दप्तर रात्रींच भरून उंबऱ्याशीं ठेवावें, आपलें ताट आपण घासावें, हे दोन नियम मुलांना लागू झाले. सकाळचा चहा आमच्याकडे आला. पहिल्याच दिवशीं आम्हीं दूध उतूं घातलें, हेंहि प्रांजळपणें सांगतों. आणि दुपारीं दीड ते अडीच सूनबाईंस कोणी हांक मारावयाची नाहीं, असें ठरलें. धाकट्या नातीनें या वेळेस नांव ठेविलें, 'काकूंची मधली सुटी'.

परीक्षेचें भयहि थोडें मोजून बाळगावें. २०१० सालीं अंमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत मुलास मागें ठेवणें बंद झालें होतें. २०२३ मध्यें महाराष्ट्रानें नियम बदलून पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षेचें बंधन घातलें. पण तेथेंहि अनुत्तीर्ण मुलास फेरपरीक्षेची संधि आहे. सहावींतील मुलाच्या भूगोलासाठीं घरांतील एका माणसानें रात्ररात्र जागावें, असें कोणताहि कायदा सांगत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या शेतांत हळद वेंचणाऱ्या बायकाहि आयाच आहेत. त्यांपैकीं एकीचा मुलगा चौथीच्या परीक्षेस बसला होता, आणि त्याला शाळेंत पोंचवून येण्यास तिला तासभर उशीर होई. आजवर त्या तासाची मजुरी कापली जात असे. सूनबाईंनींच ती गोष्ट काढली, आणि परीक्षा संपेपर्यंतची ती कपात धाकट्या चिरंजीवांनीं बंद केली. ज्याला स्वतःला मधली सुटी मिळते, त्यालाच दुसऱ्याची आठवण होते, असें आम्हांस तेव्हां वाटलें.

१ मे हा आमच्याकडे तिहेरी दिवस. महाराष्ट्र राज्याचा जन्मदिन, १९९९ सालीं झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा जन्मदिन, आणि मुलांच्या निकालाचा दिवस. नातवाचे गुण गेल्या वर्षाइतकेच पडले. वाढले नाहींत, तसे घटलेहि नाहींत. परंतु त्या दुपारीं सूनबाई सर्वांच्या पंक्तीस बसल्या आणि पानावरून एकदांहि न उठतां जेवल्या. आमच्या लेखीं घराचा निकाल तोच होता.

सुज्ञ वाचकांस आमची एवढीच विनंति. पुढल्या फाल्गुनांत, परीक्षेचें वेळापत्रक भिंतीवर लावण्यापूर्वीं, एक दिवस हातांत कागद घेऊन ओसरीवर बसावें, आणि घरांतल्या माउलीच्या दिवसाचें टिपण करावें. तें टिपण पुरें झालें, म्हणजे पुढें काय करावें, हें कोणी मास्तरानें सांगण्याचें कारण उरणार नाहीं.