कडाक्याच्या थंडीतील कौटुंबिक व्यायाम : एडमंटन शहराची क्रीडाकेंद्रे

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताची राजधानी असलेले एडमंटन हे शहर सुमारे साडेत्रेपन्न उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. जानेवारी महिन्यात तेथील सरासरी तापमान शून्याखाली दहा अंशांच्या आसपास असते व थंडीची लाट आली म्हणजे पारा उणे तीस अंशांपर्यंत उतरतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी सव्वाचारला मावळतो. वडील माणसे कामावरून परतण्यापूर्वीच काळोख पडलेला असतो.

अशा ऋतूत व्यायाम कोठे करावा? बाहेर फिरावयास जावे तर पदपथावर बर्फ साचलेले; वृद्धांना घसरून हाड मोडण्याचे भय. थंड व कोरड्या हवेत श्रम केल्यास दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. घरी बसावे तर मुलांची सायंकाळ पडद्यासमोर जाते. ही अडचण ओळखून तेथील नगरपालिकेने सर्वांसाठी आच्छादित क्रीडाकेंद्रे उभारली आहेत.

या कार्यास जुनी परंपरा आहे. शहरातील रहिवाशांनी आपल्या वस्तीचा पहिला संघ १९१७ साली स्थापन केला आणि १९२१ मध्ये अशा संघांचा महासंघ अस्तित्वात आला. किन्समेन क्रीडाकेंद्राच्या तलावात १९७८ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील जलतरणाच्या शर्यती झाल्या. आज तेथे सामान्य नागरिक पोहतात. टेरविलेगर येथील केंद्र २०१० मध्ये, तर राष्ट्रकुल क्रीडागाराजवळील केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले. टेरविलेगरला पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, चालण्याधावण्याची आच्छादित वाट आणि बर्फावरील खेळांची चार मैदाने एकाच वास्तूत आहेत. एका घरातील पालक व मुले मिळून एकच कौटुंबिक प्रवेशपत्र घेऊ शकतात. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सवलतीची स्वतंत्र योजना आहे.

तथापि, केंद्रात सर्वांनी एकत्र जाणे म्हणजे सर्वांनी व्यायाम करणे नव्हे. मूल पोहण्याच्या वर्गात आणि आई किंवा वडील काठावरील बाकावर, हे दृश्य कोणत्याही क्रीडाकेंद्रात दिसते. वर्षामागून वर्षे मुलांना खेळास नेणारे पालक स्वतः मात्र बसूनच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीस आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आवश्यक आहे. शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारे श्रम असावेत. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे हालचाल हवी. प्रौढांसाठीचा आकडा ऐकून कामाच्या धबडग्यातील माणूस दचकतो. परंतु हिशेब सोपा आहे. मुलाचा पोहण्याचा वर्ग आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचा असेल आणि तेवढा वेळ पालक आतील वाटेवर झपाट्याने चालले, तर साठ मिनिटे होतात. रविवारी सर्व कुटुंबाने दीड तास पोहण्यात व खेळण्यात घालविला, तर उरलेली नव्वद मिनिटे भरतात. दीडशे मिनिटांपैकी साठ मिनिटे केवळ बाकावरून उठल्याने मिळाली!

यात प्रत्येकाची झेप वेगळी असते, हे ध्यानात ठेवावे. पाण्याच्या उद्धरणामुळे सांध्यांवरील भार हलका होतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजीआजोबांना उथळ पाण्यात चालणे सोयीचे पडते. लहान मूल पाण्यात असताना मात्र जबाबदार व्यक्तीने हाताच्या अंतरावरच राहावे. बऱ्याच दिवसांनी आरंभ करणाऱ्याने पहिले काही आठवडे वेग बेताचाच ठेवावा. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. बाहेर पडण्यापूर्वी अंग व केस पूर्ण कोरडे करणे उणे तापमानात अत्यावश्यक असते.

एडमंटनमध्ये जे बर्फ करते, तेच कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर चार महिन्यांचा पाऊस करतो : फिरणे थांबते, मुलांची मैदाने ओस पडतात. शाळेचे सभागृह वा देवळाचा प्रशस्त मंडप सायंकाळी तासभर खुला झाला, तरी पुष्कळ काम होईल. छप्पर समाजाने द्यावयाचे. बाकावरून उठणे मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.