कालव्याकाठची सायकलवाट

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावच्या आसपास सकाळी घटकाभर उभे राहिले, की सायकलस्वाराची अडचण लगेच ध्यानात येते. टोमॅटोने भरलेले टेम्पो, भाजीपाल्याचे ट्रक, एसटीच्या गाड्या आणि खासगी मोटारी यांच्या ओघात, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून एखादा शाळकरी मुलगा किंवा दुधाच्या किटल्या अडकवलेला शेतकरी जीव मुठीत धरून सायकल हाकत असतो. बाह्यवळण रस्ते झाल्यामुळे गावांतली कोंडी कमी झाली. महामार्गावरचा वेग मात्र वाढला. सायकलवरून भटकंतीला निघालेल्या पुणेकरांनाही बहुधा याच रस्त्याने यावे लागते. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सायकलला किती अनुकूल आहेत, हे त्यांना महामार्ग सोडल्यावरच उमगते.

मोटारींची वर्दळ नसलेले मार्ग या दोन तालुक्यांत नव्याने बांधण्याची फारशी गरज नाही. ते आधीपासूनच आहेत. त्यांना सायकलमार्ग असे कोणी म्हणत नाही, एवढेच. पूर्वेकडच्या सपाट पट्ट्यात धरणांच्या कालव्यांलगत सेवा रस्ते आहेत आणि पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कण्यापाशी जाऊन संपणारी नद्यांची खोरी आहेत. इटलीने गेल्या काही दशकांत मैदाने आणि डोंगरी खोरी यांतून सायकलचे जे लांब मार्ग उभे केले, त्यांचा पायाही असाच होता.

इटलीचा धडा

उत्तर इटलीत पो नदीचे विस्तीर्ण मैदान आहे आणि त्याच्या उत्तरेला आल्प्सची खोरी. मैदानात पूर रोखण्यासाठी नद्यांच्या दोन्ही काठांना मातीचे उंच बंधारे घातलेले आहेत. या बंधाऱ्यांच्या माथ्यावर देखरेखीसाठी ठेवलेली वाट सायकलींना खुली करणे, हा तेथील सर्वांत स्वस्त आणि सोपा उपाय ठरला. गार्दा सरोवराकाठच्या पेस्किएरापासून मांतोव्हापर्यंत मिन्चो नदीच्या सोबतीने जाणारा सुमारे ४५ किलोमीटरचा मार्ग याच जातीचा. आदिजे नदीचा मार्ग बोल्झानोकडून व्हेरोनाकडे उतरतो तो सफरचंदांच्या आणि द्राक्षांच्या बागांमधून. व्हेनिस ते तुरिन हा पो नदीकाठचा सुमारे ७०० किलोमीटरचा नियोजित मार्गही बऱ्याच अंशी बंधाऱ्यांच्याच आधाराने आखलेला आहे.

डोंगरात दुसरी युक्ती योजली गेली. ऑस्ट्रियातील साल्झबर्गहून एड्रियाटिक किनाऱ्यावरील ग्रादोला येणारा मार्ग इटलीत शिरल्यावर तार्व्हिझिओच्या पुढे जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून धावतो. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही. त्यामुळे तिचे बोगदे आणि पूल सायकलला आयतेच मिळाले. व्हेनोस्ता खोऱ्यात १९९० मध्ये बंद झालेली मेरानो-माल्स रेल्वे २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेथे सायकलस्वार आगगाडीने वर जातात आणि नदीसोबत खाली उतरत येतात.

या प्रयत्नांना कायद्याचे बळ मिळाले. सायकल वाहतुकीसाठी १९९८ मध्ये एक आणि २०१८ मध्ये दुसरा, अधिक व्यापक कायदा इटलीत संमत झाला. दुसऱ्या कायद्याने किमान २० हजार किलोमीटरच्या राष्ट्रीय जाळ्याचे उद्दिष्ट ठेवले. नद्या आणि कालव्यांच्या बंधाऱ्यांवरील रस्ते, सेवा रस्ते आणि वापरातून गेलेल्या वाटा सायकलसाठी उपयोगात आणण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जे आहे ते आधी वापरावे, असा या धोरणाचा सरळ अर्थ.

पाण्याची चाल, सायकलची चाल

जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही, पण कालवे आहेत. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार धरणे जुन्नर तालुक्यात, तर घोड नदीवरील डिंभे धरण आंबेगावात आहे. डिंभ्याचा डावा कालवा घोडेच्या खोऱ्यातले पाणी येडगावच्या जलाशयाकडे आणतो. येडगावपासून निघणारा कुकडी डावा कालवा पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातो. पिंपळगाव जोग्याचा कालवा तालुक्याच्या उत्तर भागातून पारनेरची वाट धरतो.

कालवा आणि सायकल यांची गरज एकच असते, ती म्हणजे सौम्य उतार. पाणी पंपाशिवाय आपल्या वजनाने वाहावे, पण काठ खरवडण्याइतके वेगाने वाहू नये, यासाठी कालव्याला काही हजार मीटरला एखादा मीटर इतकाच उतार दिलेला असतो. त्यासाठी कालवा टेकडीला छेद देण्याऐवजी शक्यतो तिला वळसा घालतो. त्याच्या काठाने जाणाऱ्या सायकलस्वाराला चढ जवळजवळ जाणवतच नाही. महामार्गाने वीस किलोमीटर गेल्यावर जो माणूस दमतो, तोच कालव्याकाठी तीस किलोमीटर सहज जातो. अंतर वाढते, श्रम वाढत नाहीत.

देखणेपणाचीही उणीव नाही. ऊस, द्राक्षबागा, कांद्याची वाफे, मधूनच येणारी चारी, इंजिनघर आणि दूरवर दिसणारा शिवनेरीचा कडा. येडगाव जलाशयाकाठी ओझरचा विघ्नहर आहे, तर जुन्नरच्या उत्तरेला लेण्याद्रीचा गिरिजात्मज. नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे केंद्र आहे. अँटेनांपैकी काही केंद्राच्या आवारात, तर उरलेल्या आसपासच्या गावांच्या शिवारांत उभ्या आहेत. पाहण्याची ही ठिकाणे परस्परांपासून सायकलच्या टप्प्यात आहेत, हे या भागाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

तोंड मिटलेली खोरी

जुन्या काळी पुणे प्रांताचे वर्णन बारा मावळ आणि बारा नेर असे होई. नेर म्हणजे नदीचे खोरे. मीननेर, घोडनेर ही नावे त्यातलीच. कुकडी, मीना आणि घोड या तिन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या खोऱ्यांतून पश्चिमेकडे जाणारे रस्ते हळूहळू चढत घाटमाथ्यावर पोहोचतात आणि तेथेच थांबतात.

हे थांबणेच महत्त्वाचे आहे. जुन्नरहून आपटाळे, चावंडवरून घाटघरला जाणारा रस्ता नाणेघाटाच्या तोंडाशी संपतो. पुढे कोकणात उतरते ती केवळ पायवाट. मीनेच्या खोऱ्यातला रस्ता इंगळूणवरून आंबे-हातवीजला, तर घोडेच्या खोऱ्यातला रस्ता डिंभे जलाशयाच्या बाजूने आहुप्याला जाऊन थांबतो. ट्रकला पलीकडे जाता येत नसल्याने तो या वाटेला फिरकत नाही. याउलट माळशेज घाटातून कल्याणकडे मोटाररस्ता गेलेला आहे, म्हणून मढ-ओतूरचा राष्ट्रीय महामार्ग जड वाहनांनी गजबजलेला असतो. एकाच सह्याद्रीतल्या शेजारच्या खोऱ्यांत एवढा फरक पडतो, तो घाट खुला आहे की मिटलेला, यामुळे.

गंमत अशी, की दोन हजार वर्षांपूर्वी चित्र उलटे होते. सातवाहन काळात नाणेघाट हाच कल्याण-सोपाऱ्याची बंदरे आणि जुन्नरची बाजारपेठ यांना जोडणारा राजमार्ग होता. नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तेथे आहे. माल लादलेल्या बैलांनाही सायकलप्रमाणेच सौम्य चढाची वाट हवी असे आणि ती त्यांना कुकडीच्या खोऱ्याने दिली. जुन्नर ते नाणेघाट हा तीसेक किलोमीटरचा रस्ता त्या जुन्या वाटेच्याच दिशेने जातो.

सावधगिरीची बाजू

या वाटा निर्धोक आहेत, असे मात्र कोणी समजू नये. पहिला प्रश्न बिबट्याचा. उसाच्या शेतांत बिबट्यांनी कायमचे घर केले आहे आणि कालव्याकाठी ऊसच अधिक. २०२५ च्या अखेरीस शिरूर, जुन्नर, आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसांचे बळी गेले आणि संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. येथील माणसे ज्या भीतीत राहतात, ती पाहुण्याने हसण्यावारी नेऊ नये. ऊन वर आल्यावर निघावे, दिवस मावळण्याच्या पुष्कळ आधी मुक्काम गाठावा, एकट्याने जाऊ नये आणि उसाला लागून वाकून वा बसून राहू नये.

दुसरा धोका पाण्याचा. आवर्तन सुरू असताना कालवा तुडुंब वाहतो, त्याच्या अस्तरीकरणाचा उतार निसरडा असतो आणि काठाला कठडा नसतो. तोल गेलेल्या माणसाला बाहेर येणे अवघड जाते. तिसरी अडचण वाटेची. सेवा रस्ता सलग नसतो. ओढा आला, जलसेतू आला की तो तुटतो. पावसाळ्यात काळी माती चाकांत अडकून सायकल जागेवर थांबते आणि उन्हाळ्यात बाभळीचे काटे नळी फोडतात. जाड टायर, ठिगळाचे सामान आणि हवेचा पंप सोबत असलेला बरा. उसाच्या गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनाही वाट द्यावी लागते.

पश्चिमेकडच्या खोऱ्यांत पावसाळा सुंदर खरा, पण सुट्टीच्या दिवशी नाणेघाटाच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. शिवाय ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, ते याच आंबेगावच्या डोंगरांत. मुसळधार पावसात घाटमाथ्याकडे न जाणे हेच शहाणपण. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

काय करावे लागेल?

शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. पर्यटन म्हणजे आणखी रुंद रस्ते आणि आणखी मोटारी, असाच त्याचा अर्थ लावला गेला, तर खोऱ्यांची शांतता टिकणार नाही. सायकलमार्गाची गरज त्यामानाने किरकोळ आहे. कालव्याची जमीन आणि सेवा रस्ता जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. तो सार्वजनिक रस्ता नव्हे. म्हणून पहिली पायरी परवानगीची. ठरावीक टप्पे सायकलींना खुले करणे, मोटारींना अडवून सायकल आणि शेतकऱ्याची बैलगाडी जाऊ देणारे अडसर उभारणे, वाट तुटते तेथे लहान पूल टाकणे, धोक्याच्या जागी कठडे बसवणे, गावांची नावे आणि अंतरे दाखवणारे फलक लावणे आणि बिबट्याच्या वावराबाबत वन विभागाच्या सूचना ठळकपणे मांडणे, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

त्याचा पहिला लाभ पर्यटकाला नव्हे, तर गावकऱ्याला होईल. इटलीतही बंधाऱ्यावरच्या वाटेने सहलीला निघालेल्यांबरोबर बाजाराला निघालेली माणसे असतातच. कालव्याकाठची वाट सुरक्षित झाली, तर महामार्गाच्या पांढऱ्या पट्ट्यावरून जाणाऱ्या शाळकरी मुलाला आणि दूधवाल्या शेतकऱ्याला दुसरा पर्याय मिळेल. सायकलवरून येणारा पाहुणाही मोटारीतल्या पाहुण्यापेक्षा गावात अधिक वेळ थांबतो. चहा घेतो, जेवतो, मुक्काम करतो. धरणांनी या दोन तालुक्यांतल्या अनेकांची शेते आणि गावठाणे घेतली; जुने आंबेगाव तर डिंभ्याच्या पाण्याखालीच गेले. त्या पाण्याच्या काठची वाट तरी येथल्या माणसांना निर्भयपणे वापरता यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.