दांड्याची जाडी आणि गाडीचा तोल

वेगानें वळण घेणाऱ्या मोटारींत बसलेल्या माणसाचें अंग बाहेरच्या बाजूस कलतें, हा अनुभव सर्वांसच आहे. माणसाप्रमाणेंच गाडीचें धूडहि आपल्या स्प्रिंगांवर कलत असतें. हा कल आवरण्याकरितां पुढच्या दोन चाकांच्या दरम्यान, आणि कित्येक गाड्यांत मागच्या दोन चाकांच्या दरम्यानहि, एक आडवा पोलादी दांडा घातलेला असतो. अमेरिकेंत त्यास ‘स्वे बार’ म्हणतात, इंग्लंडांत ‘अँटी-रोल बार’, आणि आपल्याकडील गॅरेजवाले ‘स्टॅबिलायझर बार’. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, पुतणे, भाचे आज अमेरिकेंत किंवा ऑस्ट्रेलियांत स्थायिक झाले आहेत. त्यांपैकीं एखाद्यानें माझ्दा एमएक्स-5 सारखी दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेतली, कीं मूळचा दांडा काढून बाजारांत मिळणारा जाड दांडा बसवावा, असें त्यास लौकरच वाटूं लागतें. काम एका दुपारचें आहे; परंतु निवड चुकल्यास गाडीचा स्वभावच पालटतो. म्हणून त्या निवडीचा थोडा शास्त्रशुद्ध विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या दांड्याचें कार्य पाहूं. त्याचा मधला भाग रबराच्या बुशांतून गाडीच्या सांगाड्यास धरलेला असतो, आणि दोन्ही टोकें वांकवून, लिंक रॉडनें, डाव्या व उजव्या चाकाच्या आधारांस जोडलेलीं असतात. दोन्ही चाकें एकदम वर उचललीं गेलीं तर दांडा बुशांत नुसता फिरतो, विरोध करीत नाहीं. परंतु एक चाक वर व दुसरें खालीं गेलें, म्हणजे त्यास पीळ बसतो, आणि तो पीळ सोडविण्याच्या प्रयत्नांत तो गाडीस सरळ ठेवूं पाहतो. सारांश, हा दांडा म्हणजे पिळानें काम करणारी एक स्प्रिंगच होय. या कल्पनेचें एक पेटंट 1919 सालीं कॅनडांतील फ्रेडरिक्टन गांवच्या स्टीफन कोलमन यांना मिळालें होतें.

आतां एका सार्वत्रिक गैरसमजाकडे वळूं. दांडा जाड केला कीं बाहेरच्या चाकांवरचा भार कमी होतो, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाहीं. वळणावर आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकावयाचा, हें गाडीचें वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधील अंतर आणि वळणाचा जोर यांवरच मुख्यतः ठरतें. दांडा त्या एकंदर भारांत फारसा फरक करूं शकत नाहीं. त्यांतील किती वांटा पुढच्या जोडीनें उचलावयाचा व किती मागच्या, एवढेंच तो ठरवितो. घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे कामाचा बोजा ठरलेलाच असतो. जो भाऊ ताठ उभा राहतो त्याच्या खांद्यावर तो अधिक पडतो. गाडींतहि ज्या टोकाचा दांडा ताठर, त्या टोकाचें बाहेरचें चाक अधिक भार घेतें.

आणि येथेंच टायरचा एक धर्म आड येतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाहीं, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या टोकास भाराची वांटणी अधिक विषम होते, त्या टोकाची पकड आधीं सुटते. पुढचा दांडा प्रमाणाबाहेर ताठर केला तर गाडी वळावयास कुरकुरते व वळणाच्या बाहेर ओढली जाते. मागचा तसा केला तर शेपूट घसरून गाडी गरकन् फिरते. दोन्ही दोषच, परंतु ते सारखे नव्हेत. घाबरलेला चालक बहुधा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढतो. पहिल्या प्रकारच्या गाडीस त्यामुळें थोडी मदतच होते, कारण भार पुढें येऊन पुढचीं चाकें रस्ता पकडतात. दुसऱ्या प्रकारच्या गाडीचें मात्र त्याच क्षणीं मागचें उरलेंसुरलें बळहि जातें.

ही चर्चा केवळ पुस्तकी नाहीं, हें शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेअर गाडीच्या इतिहासावरून कळून येईल. 1960 च्या मॉडेलपासून निघालेल्या या गाडीचें एंजिन मागें होतें, त्यामुळें बहुतेक भार मागच्या चाकांवर. अशा गाडीस पुढें दांडा असता तर वळणावरचा कांहीं बोजा पुढच्या चाकांनीं उचलला असता. परंतु खर्च वांचविण्याकरितां तो मूळ गाडींत घातला गेला नाहीं. त्याऐवजीं पुढच्या टायरांत 15 पौंड व मागच्यांत 26 पौंड हवा ठेवावी, अशी सूचना मालकांस देण्यांत आली. किती मालक ती काटेकोरपणें पाळणार? 1964 च्या मॉडेलांत पुढचा दांडा सर्व गाड्यांस मिळाला व मागील रचनाहि सुधारली. पुढें 1965 सालीं राल्फ नेडर यांनीं आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत या गाडीवर टीकेची झोड उठविली. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, सरकारी खात्याच्या 1972 च्या अहवालांत ही गाडी तत्कालीन इतर गाड्यांपेक्षां अधिक धोक्याची ठरविली गेली नाहीं. तथापि एका दांड्याचा प्रश्न किती दूरवर पोंचूं शकतो, हें यावरून दिसून येतें.

आतां जाडीचा हिशेब. भरीव दांड्याचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. समजा, मूळचा दांडा 19 मिलिमीटरांचा आहे व नवा 22 चा. फरक अवघा 3 मिलिमीटरांचा. परंतु ताठरपणा सुमारें 80 टक्क्यांनीं वाढला! 24 मिलिमीटरांचा घेतला तर तो अडीचपटीच्या वर जातो. म्हणून ‘थोडासाच जाड आहे’ या वाक्यावर विश्वासूं नये. पोकळ दांड्याचेंहि गणित असेंच मौजेचें आहे. 25 मिलिमीटर व्यासाचा, 4 मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा पोकळ दांडा तितक्याच व्यासाच्या भरीव दांड्यापेक्षां सुमारें 46 टक्के हलका असतो, पण ताठरपणा फक्त 21 टक्क्यांनींच कमी होतो. कित्येक दांड्यांच्या टोकांस दोन-तीन भोंकें असतात. लिंक रॉड आंतल्या भोंकांत लावला कीं तरफेची भुजा आंखूड होऊन दांडा अधिक ताठर वागतो. नवख्या माणसानें असाच बदलतां येण्याजोगा दांडा घ्यावा हें उत्तम.

एमएक्स-5 ही गाडी 1989 सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. एंजिन पुढें व जोर मागच्या चाकांस, अशी तिची रचना आहे, आणि तिचा तोल कारखान्यांतच फार काळजीनें साधलेला आहे. अशा गाडीस बदल करावयाचाच तर आधीं पुढचा दांडा बदलावा. त्यानें कल कमी होऊन बाहेरचा टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो, आणि मागचीं चाकेंहि सुरक्षित राहतात. मागचा दांडा फार जाड केला तर वळणावर मागचें आंतलें चाक हलकें पडतें. साधा डिफरन्शियल असल्यास एंजिनाचा जोर त्या चाकास नुसतें गरगरा फिरविण्यांत वायां जातो. पुढील अनुभवानंतर गाडी वळावयास फारच नाखूष वाटली, तरच मागच्या दांड्याचा विचार करावा, आणि तोहि एकेक भोंक सरकवून.

दांड्यापूर्वीं टायर, चाकांचें अलाइनमेंट, शॉक अ‍ॅब्सॉर्बर व जुने बुश तपासावे. झिजलेल्या टायरांचा दोष दांडा झांकीत नाहीं. जाड दांडा आपल्या पकडींवर अधिक ताण देतो, म्हणून त्याबरोबर मजबूत ब्रॅकेटें घ्यावीं. खडबडीत रस्त्यावर एका चाकाचा धक्का तो दुसऱ्या चाकास पोंचवितो, हेंहि विसरूं नये. रोज वाईट रस्त्यानें जाणाऱ्यास मूळचाच दांडा अधिक सुख देईल. एका वेळीं एकच बदल करावा, त्याची परीक्षा मोकळ्या, बंदिस्त मैदानावर घ्यावी, कोरड्या जमिनीइतकीच ओल्या जमिनीवरहि घ्यावी, आणि फेरफार विमा कंपनीस कळवावा.

घरच्या वडील मंडळींस दांड्याचा व्यास विचारण्याचें कारण नाहीं. ‘पावसांत, वळणावर, पाय एकदम काढला तर गाडी काय करते?’ एवढा एक प्रश्न त्यांनीं परदेशांतील मुलास अवश्य विचारावा. त्याचें उत्तर त्यानें मैदानावर स्वतः पाहून दिलें, तर निवड योग्य झाली असें समजावें. गाडी ताठ उभी राहणें शोभेचें खरें. पण तिचीं चारहि चाकें आपापला वांटा उचलीत राहणें, यांतच बसणाऱ्याचें कल्याण आहे.