विटांचा हिशेब

यहुदी लोकांचा पेसाह हा मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. कोकणातील बेने इस्रायलही तो पाळीत; १८७४ साली पुण्यात त्याची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली.

निसान महिन्याच्या पंधराव्या रात्री कुटुंब ताटाभोवती बसते. भाकरी बिनखमिराची, कारण निघताना पीठ फुगण्याइतकीही सवड नव्हती. कडू पाला कष्टांसाठी, मिठाचे पाणी आसवांसाठी. फळे व सुकामेवा कुटून केलेला गोड लगदा असतो, तो विटांच्या चिखलाची खूण. बायबल सांगते, लोकांनी देवपूजेसाठी तीन दिवसांची रजा मागितली, तेव्हा फारोने त्यांना मिळणारा भुसा बंद केला आणि विटांची संख्या तीच ठेवली! निकृष्ट सूत देऊन पूर्वीइतकेच कापड मागणारे मालक ज्यांनी पाहिले, त्यांना हे फोड करून सांगावयास नको.

धाकटे मूल विचारते, ही रात्र निराळी का? उत्तर देणारा ‘पूर्वज’ म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. गुलामाला निवांत जेवण कोठले? म्हणून त्या रात्री लोडाला रेलून जेवतात. मिसरवरील दहा संकटांची नावे घेताना मात्र प्रत्येकाला पेल्यातला एक थेंब द्राक्षासव बाहेर काढतात; बुडाली तीही माणसेच होती.