महागडा लॅपटॉप: ठिपके किती, काम किती?

व्यापारी बांधव अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. दुकानाला किंवा मुलाला लॅपटॉप घ्यायचा असतो. विक्रेता एक ५० हजारांचा दाखवतो आणि दुसरा दीड लाखाचा. दुसऱ्याचा पडदा पाहिला की पहिल्यावरून मन उडते. मग हे वरचे लाख रुपये नेमके कशाचे?

नव्या मालाकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही, कारण त्याचा हिशेब अजून पुरा झालेला नसतो. म्हणून ज्याची खरेदीपासून भंगारापर्यंतची सारी हकिगत आज समोर आहे असा एक जुना नमुना घेऊ. गूगल कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये 'क्रोमबुक पिक्सेल' नावाचा लॅपटॉप अमेरिका आणि ब्रिटनच्या बाजारात आणला. किंमत १,२९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ७० हजार रुपये. अंग ॲल्युमिनियमचे, वजन दीड किलो, पडदा १२.८५ इंचांचा आणि बोटाने चालणारा. इंटेलचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, साठवणीला ३२ जीबी. या सगळ्यात ज्याचा डंका वाजला तो पडदा. आडवे २,५६० आणि उभे १,७०० ठिपके, एकूण साडेत्रेचाळीस लाख. त्या काळच्या साध्या लॅपटॉपवर १,३६६ गुणिले ७६८, म्हणजे जेमतेम साडेदहा लाख ठिपके असत.

ठिपक्यांचा हा हिशेब आपल्या कापडवाल्यांना सहज समजावा. आपण केंब्रिक घेतो तेव्हा ९२-८८ म्हणतो. एका इंचात ताण्याचे ९२ धागे आणि बाण्याचे ८८. तागा किती मीटरचा आहे यावरून पोत कळत नाही, इंचात किती धागे बसले यावरून कळतो. पडद्याचेही तसेच आहे. नुसते '२,५६० ठिपके' ऐकून काही कळत नाही, ते किती इंचांत बसवले हे पाहावे लागते. पिक्सेलमध्ये एका इंचात २३९ ठिपके होते. १५.६ इंचांच्या साध्या पडद्यावर १,३६६ वाले ठिपके पसरले तर इंचाला १०० पडतात. आज ज्याला फुल एचडी म्हणतात तो १,९२० गुणिले १,०८० चा पडदा त्याच आकारात इंचाला १४१ देतो. विक्रेता ठिपक्यांचा आकडा सांगेल तेव्हा पडद्याचे इंचही विचारावेत.

आता कापडाला हात लावून पोत कळतो, पडद्याला मात्र फक्त डोळा. आणि डोळ्याला मर्यादा आहे. निकोप नजरेचा माणूस साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखू शकतो. याचा हिशेब मांडला तर २० इंचांवरून पाहताना इंचाला सुमारे १७० ठिपक्यांपुढे फरक दिसेनासा होतो. १५ इंचांपर्यंत वाकून पाहिले तर ही मर्यादा २३० च्या आसपास जाते. टेबलावर लॅपटॉप ठेवून आपण बहुधा दीड-दोन फुटांवर बसतो. तेव्हा १०० वरून १७० वर आलेला फरक पैसे देण्याजोगा आहे, अक्षर छापील पुस्तकासारखे दिसते, डोळा थकत नाही. त्यापुढे मात्र रक्कम वाढत जाते आणि फायदा पातळ होतो. चाळिशीचा चष्मा लागलेल्या आमच्यासारख्यांना तर अधिकच.

एक गफलत येथेच दूर करावी. ठिपके चौपट झाले म्हणून पडद्यावर चौपट खातेवही मावेल असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. ठिपके इतके बारीक असतात की अक्षरे मूळ मापात ठेवली तर मुंगीएवढी दिसतील. म्हणून यंत्र प्रत्येक अक्षर मोठे करून दाखवते. पिक्सेल एका ठिपक्याच्या जागी चार वापरत असे, त्यामुळे प्रत्यक्ष जागा १,२८० गुणिले ८५० ठिपक्यांच्या पडद्याएवढीच मिळे. फायदा जागेचा नव्हता, सफाईचा होता. हा पडदा ३ ला २ या मापाचा, इतरांपेक्षा उंच होता. त्यामुळे बिलाच्या किंवा पत्राच्या दोन-चार ओळी जास्त दिसत, हे मात्र खरे सुख. कापडात जसा पन्हा, तसे पडद्यात हे माप. याची जाहिरात फारशी होत नाही, पण रोज आठ तास लिखापढी करणाऱ्याला ठिपक्यांपेक्षा ते अधिक उपयोगी.

दाट पडदा फुकट चालत नाही. ठिपके दाट झाले की मागचा उजेड कमी झिरपतो, तो वाढवावा लागतो, आणि चित्र रंगवायला प्रोसेसरलाही जादा मेहनत पडते. ॲपल कंपनीने जून २०१२ मध्ये 'रेटिना' पडद्याचा १५ इंची मॅकबुक प्रो काढला. त्यात २,८८० गुणिले १,८०० ठिपके, इंचाला २२० होते आणि किंमत २,१९९ डॉलर होती. त्याच्या आधीच्या साध्या पडद्याच्या मॅकबुकला ७७.५ वॉट-तासांची बॅटरी होती आणि कंपनी सात तास सांगे. रेटिनाला ९५ वॉट-तासांची बॅटरी बसवली, तरी कंपनीने सातच तास सांगितले. वाढलेली बॅटरी बहुतेक पडद्यानेच खाल्ली. गूगलच्या पिक्सेलला तर कंपनीच्याच सांगण्यानुसार पाच तास मिळत. त्याच काळातल्या दोनशे एकोणपन्नास डॉलरच्या क्रोमबुकला साडेसहा तास.

आणि पिक्सेलच्या किमतीचा खरा पेच या २४९ डॉलरच्या क्रोमबुकनेच उघडा पाडला. सॅमसंगने ते ऑक्टोबर २०१२ मध्ये आणले होते. दोन्हींची कार्यप्रणाली एकच, क्रोम. त्या वेळी क्रोममध्ये जवळजवळ सारे काम ब्राउझरमध्ये, इंटरनेटवर होई. विंडोजची सॉफ्टवेअरे त्यावर बसत नसत. म्हणजे टॅली नाही, फोटोशॉप नाही, डिझाइनचे सॉफ्टवेअर नाही. पत्र लिहा, ईमेल पाहा, चित्रफीत पाहा. हे सारे २४९ डॉलरचा लॅपटॉपही करे. पिक्सेल ते जलद आणि देखणे करे, यात शंका नाही. पण पाचपट रक्कम देऊन काम तेच. मलमल उत्तम, पण शिवायला दिली तर फक्त रुमालच होणार असेल, तर ग्राहक मीटरला तो भाव किती दिवस देईल?

मॅकबुकची गोष्ट याच्या उलट. त्याची किंमत आणखी मोठी होती, पण त्यावर फोटो, छपाई आणि डिझाइनची कामे करणारा वर्ग आधीपासून बसलेला होता. त्यांनाही सुरुवातीला त्रास झालाच. फोटोशॉप नव्या पडद्याला जुळवून घेणारे रूप डिसेंबर २०१२ मध्ये आले. तोपर्यंत सहा महिने महागड्या पडद्यावर त्याची अक्षरे धूसर दिसत. शिवाय मेमरी पाटीवर कायमची डाखलेली, नंतर वाढवता येत नसे. आठ की सोळा जीबी, हे पहिल्याच दिवशी ठरवून पैसे मोजावे लागत. आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये हीच पद्धत आहे, म्हणून खरेदी करतानाच पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा.

पिक्सेलबरोबर एक भेटही होती, आणि तिची कथा प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. गूगलच्या ड्राइव्हवर तीन वर्षे एक टेराबाइट जागा मोफत. त्या वेळी या जागेचे भाडे महिन्याला ४९.९९ डॉलर होते. तीन वर्षांचे होतात सुमारे १,८०० डॉलर. म्हणजे भेट लॅपटॉपपेक्षा महाग! पुष्कळांनी कागदावर हाच हिशेब मांडून सौदा वाजवी ठरवला. मार्च २०१४ मध्ये गूगलने तेच भाडे ९.९९ डॉलरवर आणले. एका रात्रीत भेटीची कीमत पाचवा हिस्सा राहिली. मालाबरोबर मिळणाऱ्या वस्तूची किंमत विकणाऱ्यानेच ठरवलेली असते. ती आपल्या हिशेबात धरायचीच असेल तर आपण ती वस्तू स्वतःहून किती रुपयांना घेतली असती तेवढीच धरावी.

पुढे मार्च २०१५ मध्ये दुसरा पिक्सेल आला. पडदा तेवढाच दाट, मेमरी दुप्पट म्हणजे ८ जीबी, बॅटरी कंपनीच्या म्हणण्यानुसार १२ तास, आणि किंमत ९९९ डॉलर. दोन वर्षांत माल सुधारला आणि भाव ३०० डॉलरने उतरला. ऑगस्ट २०१६ मध्ये तोही बंद झाला. पहिल्या पिक्सेलला सुधारणा मिळणे २०१८ मध्ये थांबले. पडदा तेव्हाही तसाच सुंदर होता, पण सुरक्षेच्या सुधारणा नसलेल्या यंत्रावर बँकेचा व्यवहार करणे शहाणपणाचे नाही. १,२९९ डॉलर भागिले पाच वर्षे, म्हणजे वर्षाला २६० डॉलर. दरसाल एक २४९ डॉलरचा नवा क्रोमबुक घेतला असता तरी खर्च थोडा कमीच झाला असता!

आता आपल्या बाजाराकडे येऊ. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा व्यापारी लॅपटॉपवर मुख्यत्वे दोन कामे करतो, हिशेब आणि नमुने पाहणे. हिशेबाला, जीएसटीच्या विवरणपत्राला फुल एचडी पडदा, १६ जीबी मेमरी आणि एसएसडी पुरेसे आहे. त्यावर दाट पडद्यासाठी पैसा घालू नये. उलट काही जुनी सॉफ्टवेअरे दाट पडद्यावर एक तर बारीक दिसतात नाही तर पुसट. विंडोजमध्ये मोठेपणा १५० किंवा २०० टक्के करून आपलेच हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडून पाहावे, विक्रेत्याची रंगीत चित्रफीत पाहून ठरवू नये. ती चित्रफीत कोणत्याही पडद्यावर सुंदर दिसेल अशीच निवडलेली असते.

नमुने पाहण्याचे काम मात्र वेगळे. बारीक चेक्स किंवा पट्ट्यांचे छायाचित्र कमी ठिपक्यांच्या पडद्यावर उघडले की कापडावर नसलेल्या लहरी उमटतात. धाग्यांची जाळी आणि ठिपक्यांची जाळी एकमेकींवर चढल्याने असे होते. दाट पडद्यावर हा दोष पुष्कळ कमी होतो. ज्याच्याकडे रोज परगावहून डिझाइने येतात त्याने दाट पडद्याला जादा पैसे दिले तर ते वाया नाहीत. पण त्याने ठिपक्यांच्या आधी रंग विचारावा. 'एसआरजीबी १०० टक्के' असे लिहिलेला पडदा घ्यावा. स्वस्त पडदे पुष्कळदा यातला साठ-पासष्ट टक्केच भाग दाखवतात, आणि त्यांवर गडद लाल विटकरी दिसतो. पडदा आयपीएस जातीचा किंवा ओलेड असावा. जुन्या टीएन जातीच्या पडद्यावर मान थोडी हलवली की शेड बदलते. इतके करूनही शेडचा सौदा पडद्यावर पक्का करू नये. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात वेगळे दिसतात हे आपल्याला ठाऊक आहे, आणि पडद्याचा उजेड तर तिसराच. प्रत्यक्ष कापडाचा तुकडा मागवावाच.

किमतीविषयी. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानाच्या जीएसटी नंबरवर बिल घेतले आणि यंत्र धंद्यासाठीच वापरले तर ही रक्कम इनपुट क्रेडिट म्हणून मिळते. कंपोझिशन योजनेतल्यांना ती मिळत नाही. त्यांच्यासाठी लाखाचा माल एक लाख अठरा हजारांचाच. उरलेल्या किमतीवर आयकरात संगणकाचा घसारा ४० टक्के दराने मिळतो. एक लाख पहिल्या वर्षाअखेर ६०,०००, मग ३६,०००, मग २१,६००. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच दर, म्हणून मार्चमध्ये घाईने केलेली खरेदी तितकी फायद्याची नसते.

हप्त्यांचे एक. 'नो कॉस्ट ईएमआय' ही पाटी पाहून सूद टाळणारे पुष्कळ बांधव निश्चिंत होतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते. बहुधा विक्रेता व्याजाएवढी सूट देतो आणि बँक ते व्याज हप्त्यांतून वसूल करते, शिवाय त्या व्याजावर जीएसटी लावते. करारात 'इंटरेस्ट' हा रकाना असतो, तो वाचावा. रोख घेणाऱ्याने तीच सूट रोखीवर मागावी, मिळतेही.

जुना महागडा लॅपटॉप स्वस्तात घेण्याकडेही काहींचा कल असतो. पडदा पाहून तो सौदा नक्कीच भुलवणारा असतो. तेथे आधी प्रोसेसरचे वर्ष पाहावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा लागतो. त्याआधीचे यंत्र कितीही दाट पडद्याचे असो, बँक आणि जीएसटीच्या कामासाठी घेऊ नये.